व्हाइटनरखालचा शब्द

ब्रिटनमध्ये मुलांच्या संरक्षणाचं काम पाहणाऱ्या खात्याच्या जुन्या फायली तपासताना लुईस केसी यांना एका फाइलीत एक शब्द व्हाइटनर फासून झाकलेला सापडला. शब्द होता ‘पाकिस्तानी’. अत्याचार करणारा कोण, हे आधी कुणीतरी सरळ लिहून ठेवलं होतं. नंतर कुणाला तरी ते खुपलं. सरकारी यंत्रणांची उलटतपासणी घेण्यात केसीबाईंची हयात गेली आहे, त्यामुळे अशा फायली त्यांना नव्या नव्हत्या. जून २०२५मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणावरचा त्यांचा देशव्यापी अहवाल आला तेव्हा त्यांनी ही हकिगत सांगितली. हे ज्याने केलं त्याने नकळत उजव्या टोकाच्या मंडळींच्या हाती दारूगोळा दिला, असं त्यांचं म्हणणं होतं.

व्हाइटनर लावणाऱ्याला गुन्हेगाराला वाचवायचं होतं, असं मानायला मी तयार नाही. त्याला बहुधा स्वतःलाच वाचवायचं होतं. वरिष्ठांच्या नजरेत, सहकाऱ्यांच्या कुजबुजीत, पुढच्या बढतीच्या वेळी आपल्या नावाला ‘वंशद्वेषी’ हा शिक्का चिकटू नये, एवढीच त्याची धडपड असणार. या पुस्तकातले लेख त्या धडपडीविषयी आहेत. सभ्य, सुशिक्षित, एरवी कायद्याने चालणारी माणसं एका शब्दाच्या धाकाने डोळ्यांदेखत घडणारी गोष्ट बोलायची कशी टाळतात, आणि त्यांनी टाळलं की तीच गोष्ट मग कोण बोलतं, हे त्यात पाहिलं आहे. उदाहरणं जवळजवळ सगळी ब्रिटनमधली आहेत. हा धाक इतरत्र नाही म्हणून नव्हे, तर ब्रिटनने त्याची लेखी नोंद करून ठेवली आहे म्हणून. चुका झाल्यावर हजार पानांचे अहवाल काढायची सवय त्या देशाला आहे. आपल्याकडे समित्या नेमल्या जातात, अहवाल मात्र कपाटात राहतात.

हा विषय हाती घेणाऱ्याने दोन्हीकडून जोडे खायची तयारी ठेवावी. वंशद्वेषाच्या आरोपाचा धाक असतो असं म्हटलं की एक बाजू म्हणते, म्हणजे तुम्हाला मोकळेपणी वंशद्वेष करायचा आहे. वंशद्वेष अजून शिल्लक आहे असं म्हटलं की दुसरी बाजू म्हणते, झालं यांचं रडगाणं सुरू. पुढे जे येतं ते या दोघांनाही आवडणार नाही.

सुरुवात रॉदरहॅमपासून करावी लागते. दक्षिण यॉर्कशायरमधलं हे गाव एके काळी कोळशावर आणि पोलादावर जगलं. वस्ती अडीच लाखांच्या आसपास. त्यात पाकिस्तानी वंशाचे लोक सुमारे ३ टक्के. २६ ऑगस्ट २०१४ रोजी प्रोफेसर अलेक्सिस जे यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९९७ ते २०१३ या काळात या एका गावात सुमारे १४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं, असा त्यांचा अंदाज होता, तोही हात राखून केलेला. त्यांत अकरा वर्षांच्या मुलीही होत्या. काहींच्या अंगावर पेट्रोल ओतून पेटवून देण्याची धमकी दिली गेली होती. बळी पडलेल्या मुलींनी सांगितलेले गुन्हेगार बहुतेक ‘एशियन’ होते, आणि ते प्रामुख्याने पाकिस्तानी वंशाचे होते.

यंत्रणेला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. २००२, २००३ आणि २००६ असे तीन अहवाल तिच्या टेबलावर येऊन पडले होते. २००२चा अहवाल लिहिणाऱ्या संशोधक बाईंनी २०१४मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात आपला अनुभव सांगितला. ‘एशियन पुरुष’ असा उल्लेख पुन्हा करायचा नाही, अशी तंबी त्यांना मिळाली आणि सोबत वांशिक विविधतेविषयीच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गाला पाठवण्याची व्यवस्थाही झाली. म्हणजे तक्रार घेऊन आलेलीलाच शिकवणी लावली. जे यांच्या अहवालातही तेच आहे. गुन्हेगारांचा वंश सांगितला तर आपल्याला वंशद्वेषी ठरवतील अशी धास्ती अनेक कर्मचाऱ्यांनी बोलून दाखवली, आणि काहींना तर वरूनच तसं बजावलेलं होतं. रॉदरहॅमचे माजी खासदार डेनिस मॅकशेन यांनी अहवालानंतर मोकळेपणाने कबूल केलं की आपण ‘गार्डियन’ वाचणारे उदारमतवादी डावे, त्यामुळे या भानगडीत खोल शिरायला कचरलो.

इथपर्यंतची हकिगत जगभर गाजली. बहुतेक लेख इथेच थांबतात, कारण इथे थांबलं की गोष्ट सुटसुटीत राहते. जे यांचा अहवाल मात्र इथे थांबत नाही. त्यात पोलिसांविषयी जे आहे ते जास्त अस्वस्थ करणारं आहे. या मुलींकडे पोलिस तुच्छतेने पाहत होते. मुली गरीब घरांतल्या, काही सरकारी बालगृहांतल्या, शाळा बुडवणाऱ्या, दारू प्यायलेल्या सापडणाऱ्या. त्यांनी स्वतःहून हे ओढवून घेतलं, अशी समजूत. यात वंशद्वेषाच्या आरोपाची भीती कुठे आली? इथे दिसतो तो वर्गाचा आणि बाईपणाचा तिटकारा, आणि तो गोऱ्या अधिकाऱ्यांचा गोऱ्या मुलींविषयीचा होता.

ग्रेटर मँचेस्टरमधल्या रॉचडेलमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं. तिथला एक खटला २००९मध्ये गुंडाळला गेला, कारण फिर्यादी मुलगी साक्षीदार म्हणून विश्वासार्ह वाटत नाही, असं सरकारी वकिलांनी ठरवलं. पुढे वायव्य इंग्लंडचे मुख्य सरकारी वकील म्हणून नझीर अफझल आले. ते स्वतः पाकिस्तानी वंशाचे, बर्मिंगहॅमचे. त्यांनी तो निर्णय फिरवला आणि मे २०१२मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. हे करू शकणारा माणूस पाकिस्तानी वंशाचाच निघावा, यातली खोच लक्षात घ्यावी. त्यांना वंशद्वेषी म्हणण्याची सोय नव्हती. तरी सुटका नाहीच. ज्यांनी या प्रकरणावर मोर्चे काढले त्याच उजव्या टोळक्यांनी पुढे अफझल यांनाच लक्ष्य केलं.

म्हणून माझं मत असं आहे, की ती भीती खरी होती आणि सोयीचीही होती. ज्याला काम करायचं नव्हतं, ज्याला त्या मुलींची किंमत नव्हती, त्याला पुढे सांगायला एक प्रतिष्ठित कारण मिळालं. ‘मी दुर्लक्ष केलं’ यापेक्षा ‘मला वंशद्वेषी म्हणतील अशी भीती वाटली’ हे चौकशी समितीपुढे बरं दिसतं. त्यातून झालेला आणखी एक तोटा फार कमी लोकांच्या ध्यानात येतो. नगर परिषद पाकिस्तानी समाजाशी बोलायची ती त्या समाजातल्या पुरुष नगरसेवकांमार्फत आणि इमामांमार्फत. बायकांना कुणी विचारलंच नाही. त्या समाजातल्या मुलींवर काय गुदरत होतं ते त्यामुळे दुहेरी पडद्याआड राहिलं. पाकिस्तान्यांना दुखवायचं नाही म्हणून जे मौन पाळलं, त्याची किंमत पाकिस्तानी मुलींनीही मोजली.

हा धाक आला कुठून? काही जण सांगतात तसा तो डाव्या प्राध्यापकांनी विद्यापीठात बसून रचलेला नाही. त्यामागे खरा इतिहास आहे. १९६४च्या निवडणुकीत बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक मतदारसंघात हुजूर पक्षाचे पीटर ग्रिफिथ्स निवडून आले. त्या प्रचारात काळ्या शेजाऱ्यांच्या नावाने फिरलेली घोषणा इतकी गलिच्छ होती की ती इथे छापणार नाही. ग्रिफिथ्स यांनी ती झटकून टाकली नाही. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी भर संसदेत या माणसाला वाळीत टाकल्यासारखं वागवलं जाईल असं सुनावलं. आणि मग २० एप्रिल १९६८. बर्मिंगहॅमच्या मिडलंड हॉटेलात हुजूर पक्षाचेच पुढारी इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. दुसऱ्याच दिवशी पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना नेतृत्वाच्या फळीतून काढून टाकलं. दोन दिवसांनी लंडनचे गोदी कामगार पॉवेल यांच्या बाजूने मोर्चा घेऊन संसदेवर गेले, आणि गॅलपच्या पाहणीत ७४ टक्के लोक त्यांच्याशी सहमत निघाले.

पॉवेल यांच्याविषयीची एक गोष्ट मराठी वाचकाला सांगायलाच हवी, कारण ती मुंबईत घडली. युद्धाच्या अखेरीला ते हिंदुस्थानात होते, उर्दू शिकले होते, व्हाइसरॉय व्हायची स्वप्नं पाहत होते. सैन्याच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या समितीच्या कामात त्यांच्यासोबत पुढे सरसेनापती झालेले करिअप्पा होते. मुंबईतल्या भायखळा क्लबात करिअप्पांना, ते हिंदी म्हणून, मुक्काम करू देणार नाहीत असं कळल्यावर पॉवेल यांनीही तिथे राहायला नकार दिला. हाच तो माणूस. माणसं एका शिक्क्यात मावत नाहीत, एवढंच यावरून दिसतं; १९६८च्या भाषणाचं विष त्याने कमी होत नाही.

त्या भाषणाचा परिणाम उलटा झाला. पॉवेल यांनी तोंड उघडलं आणि पुढच्या तीस वर्षांतल्या समंजस पुढाऱ्यांची तोंडं बंद केली. स्थलांतर किती असावं, कुणाचं, कोणत्या गतीने, शाळा नि घरं कुठून आणायची, हे खरं तर रोजच्या कारभाराचे प्रश्न. पण ते विचारणारा पॉवेलच्या पंगतीला बसला असं समजलं जाऊ लागलं. एका माणसाने विहिरीत घाण टाकली आणि सगळ्या गावाने पाणी भरणंच सोडलं.

या धाकामागे दुसरी घटनाही आहे. १९९३च्या एप्रिलमध्ये लंडनमध्ये बसची वाट पाहत असलेल्या स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाचा गोऱ्या टोळक्याने खून केला. पोलिसांनी तपासाची वाट लावली. १९९९मध्ये विल्यम मॅकफर्सन यांच्या चौकशी अहवालाने लंडन पोलिसांमध्ये संस्थात्मक वंशद्वेष असल्याचं नोंदवलं. तो निष्कर्ष पचायला कठीण होता, पण पुरावे समोर होते. त्याच अहवालाने एक व्याख्या दिली: पीडित व्यक्तीला किंवा इतर कुणालाही जी घटना वंशद्वेषी वाटेल ती वंशद्वेषी घटना. ही व्याख्या तक्रार नोंदवून घेण्यासाठी होती. पोलिसांनी ‘छे, यात वंशद्वेष कसला’ म्हणून फिर्यादीला परत पाठवू नये, एवढाच हेतू. पण कचेऱ्यांमध्ये नोंद आणि निवाडा यांतली रेघ पुसट व्हायला वेळ लागत नाही. कुणाला ‘वाटलं’ की संपलं, अशी समजूत शाळा, रुग्णालयं, नगर परिषदा यांच्यात मुरली. चांगल्या हेतूने आखलेला नियम घाबरट माणसांच्या हाती पडला की तो कसा वापरला जाईल, हे नियम करणाऱ्याला दिसत नाही.

घाबरट म्हणताना मला तुच्छता दाखवायची नाही. २२ मे २०१७च्या रात्री मँचेस्टर अरीनाबाहेर आत्मघाती हल्लेखोर पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन बसला होता. तिथे थांबलेल्या एका माणसाने शंका बोलून दाखवली. तिथला सुरक्षारक्षक अठरा वर्षांचा पोरगा होता. पुढे चौकशीत त्याने सांगितलं, की मनात पाल चुकचुकली होती, पण आपण चुकलो तर आपल्याला वंशद्वेषी म्हणतील ही धास्ती वाटली. त्या रात्री २२ जण मेले. आता त्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. तुटपुंजा पगार, जेमतेम प्रशिक्षण, वायरलेसवर वरिष्ठ भेटत नाहीत, आणि समोर नुसता बसलेला एक तपकिरी माणूस. आपल्यातलेही कितीतरी जण असेच पाठपिशव्या घेऊन परदेशातल्या स्थानकांवर बसलेले असतात आणि कुणी हटकलं तर संतापतात. दोष त्या पोरावर ढकलून यंत्रणेने मोकळं होऊ नये.

ब्रॅडफर्डचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण पुढे त्यावर स्वतंत्र लेख आहे. रे हनीफर्ड हे तिथल्या ड्रमंड मिडल स्कूलचे मुख्याध्यापक. शाळेतली बहुतेक मुलं आशियाई घरांतली. १९८४मध्ये ‘सॅलिस्बरी रिव्ह्यू’ या हुजूरपंथी नियतकालिकात त्यांनी लिहिलं. मुलं महिनोन्‌महिने पाकिस्तानात जाऊन राहतात आणि शाळा बुडते, घरी इंग्रजी नाही, आणि यावर बोलायची चोरी झाली आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दे विचार करण्याजोगे. पण त्याच लेखात पाकिस्तानविषयी आणि पालकांविषयी असा कुत्सित सूर की कुणाही आईबापाचं डोकं फिरावं. पालकांनी निदर्शनं केली, मुलं शाळेतून काढली, आणि १९८५च्या डिसेंबरात हनीफर्ड मुदतीआधी निवृत्त झाले. मग काय झालं? सूर गेला हे बरं झालं, पण त्याबरोबर मुद्देही गेले. २००१मध्ये त्याच ब्रॅडफर्डसाठी हर्मन उस्ली यांनी अहवाल लिहिला. उस्ली गयानात जन्मलेले, काळे, वांशिक समानता आयोगाचे माजी अध्यक्ष. त्यांनी लिहिलं, की या शहरात लोक एकमेकांपासून दूर सरकत चालले आहेत आणि परिणामांच्या भीतीने प्रश्नांवर उघडपणे बोलत नाहीत. त्याच उन्हाळ्यात शहर पेटलं. हनीफर्ड आणि उस्ली यांची भाषा ताडून पाहावी. तीच काळजी, पण एकाच्या लेखणीत हेटाळणी आहे, दुसऱ्याच्या लेखणीत नाही.

धाकाचं टोक २८ एप्रिल २०१०ला दिसलं. निवडणूक आठवड्यावर आलेली. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन रॉचडेलमध्ये एका निवृत्त बाईंशी रस्त्यात बोलले. बाई जन्मभर मजूर पक्षाला मत देणाऱ्या. देशाचं कर्ज, पेन्शन, नातवंडांच्या शिक्षणाचा खर्च असं बोलता बोलता त्यांनी पूर्व युरोपातून येणाऱ्या लोकांविषयी विचारलं. ब्राउन हसून गाडीत बसले. कोटाला लावलेला वाहिनीचा मायक्रोफोन चालूच होता. आत बसून ते सहायकांजवळ त्या बाईंना कोत्या मनाची, द्वेष्टी बाई म्हणाले. दुपारपर्यंत ते सगळ्या देशाने ऐकलं. रेडिओच्या स्टुडिओत स्वतःचा आवाज ऐकताना त्यांनी कपाळाला हात लावला, मग त्या बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली.

पूर्व युरोपातले लोक गोरे. तिथे वंश कुठून आला? पण एव्हाना स्थलांतर या शब्दाभोवतीच कुंपण पडलं होतं. २००४मध्ये पोलंडसह नवे देश युरोपीय संघात आले तेव्हा ब्रिटिश सरकारने मागवलेला अंदाज वर्षाला ५ ते १३ हजार माणसांचा होता. प्रत्यक्षात लाखोंनी आले. त्या सरकारात मंत्री असलेले जॅक स्ट्रॉ यांनी २०१३मध्ये ती घोडचूक असल्याचं मान्य केलं. अंदाज चुकतात, त्यात काही नवल नाही. पण चूक दिसत असताना सत्ताधारी पक्षातल्या फार थोड्यांनी ती बोलून दाखवली, आणि रॉचडेलच्या बाईंनी नातवंडांच्या काळजीतून विचारलं तर गाडीची काच वर गेल्यावर त्यांचा उद्धार झाला. त्या वाक्याने ब्राउन निवडणूक हरले असं मी म्हणणार नाही. हरायची कारणं पुष्कळ होती. उत्तर इंग्लंडमधल्या कामगार वस्त्यांनी मात्र ते लक्षात ठेवलं.

मोकळी झालेली जागा कुणी घेतली ते पाहू. वेस्ट यॉर्कशायरमधल्या कीथलीच्या मजूर खासदार अॅन क्रायर यांच्याकडे २००२च्या सुमारास काही आया आल्या, मुलींना नादी लावणाऱ्या पुरुषांची तक्रार घेऊन. क्रायरबाई उघडपणे बोलणाऱ्या पहिल्या पुढाऱ्यांपैकी. २००४मध्ये चॅनल फोरने ब्रॅडफर्डवरच्या माहितीपटात हा विषय घेतला. निवडणुका तोंडावर होत्या. पोलिसांच्या विनंतीवरून त्याचं प्रक्षेपण काही महिने पुढे ढकललं गेलं, कारण उजव्या टोकाची ब्रिटिश नॅशनल पार्टी तो आपल्या प्रचाराला वापरणार हे दिसत होतं. काळजी खोटी नव्हती. त्या पक्षाचे निक ग्रिफिन २००५मध्ये क्रायर यांच्याच विरुद्ध उभे राहिले. मतदारांनी त्यांना सपशेल पाडलं. म्हणजे जिथे खासदार स्पष्ट बोलत होती तिथे द्वेषाच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळालं नाही. पण २००९च्या युरोपीय निवडणुकीत त्याच पक्षाला देशभरातून नऊ लाखांवर मतं आणि दोन जागा मिळाल्या. ‘टाइम्स’चे अँड्र्यू नॉरफोक यांनी जानेवारी २०११मध्ये हे शोषण पहिल्या पानावर आणलं. नंतर त्यांनी सांगितलं, की उजव्या टोकाला हवीहवीशी बातमी म्हणून आपणही काही वर्षं तिला हात लावायचं टाळत होतो.

मुद्दा सरळ आहे. ग्रिफिनला कुणी वंशद्वेषी म्हटलं तर त्याला काय फरक पडणार होता? त्याला तो किताब वाटे. शिक्क्याची भीती ज्याला आपलं नाव जपायचं आहे त्यालाच वाटते: शिक्षिकेला, परिचारिकेला, वार्ताहराला, मध्यममार्गी खासदाराला. रॉदरहॅमच्याच खासदार सारा चॅम्पियन यांनी ऑगस्ट २०१७मध्ये ‘सन’ या वर्तमानपत्रात याच विषयावर लेख लिहिला आणि आठवड्याभरात त्यांना आपल्या पक्षाच्या नेतृत्वफळीतलं पद सोडावं लागलं. लेखाची वाक्यं ओबडधोबड होती. पण त्या गावच्या मुलींना वर्षानुवर्षं भेटणाऱ्या बाईंना गप्प केल्यावर बोलायला उरलं कोण?

तोंड दाबलं जातं ते एकाच बाजूचं, असा समज करून घेऊ नये. भिखू पारेख हे मूळचे गुजरातचे, शिक्षण मुंबई विद्यापीठातलं, ब्रिटनमधले नामवंत राजकीय विचारवंत. २०००मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने बहुवांशिक ब्रिटनच्या भवितव्यावर अहवाल दिला. ‘ब्रिटिश’ या शब्दाला वंशाचे अव्यक्त संदर्भ चिकटलेले आहेत, अशा आशयाचा त्यात एक मुद्दा होता. वर्तमानपत्रांनी तो ‘ब्रिटिश म्हणवून घेणं हाच वंशद्वेष’ असा छापला. गदारोळ झाला, गृहमंत्री स्ट्रॉ यांनी हात झटकले, आणि शिक्षण, पोलिस, आरोग्य यांवरच्या कितीतरी शिफारशी कुणी वाचल्याच नाहीत. देशद्रोह हाही एक शिक्काच आहे. तो आपल्या वाचकांना चांगला ओळखीचा.

जुलै २०२४मध्ये साउथपोर्टला नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींचा खून झाला. आरोपी सतरा वर्षांचा, म्हणून कायद्याने त्याचं नाव देता येत नव्हतं. पोलिसांनी माहिती हात आखडून दिली. काही तासांत समाजमाध्यमांवर एक बनावट मुसलमानी नाव फिरू लागलं: नावेतून आलेला निर्वासित म्हणून. प्रत्यक्षात मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला, आईबाप रवांडाचे. मशिदीवर दगड पडले, दंगे पसरले, आणि ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळच्या ज्या हॉटेलात आश्रयार्थी ठेवले होते त्याला जमावाने आग लावायचा प्रयत्न केला. इतकी वर्षं माहिती दडवणाऱ्या यंत्रणेने या वेळी खरं सांगितलं असतं तरी तिच्यावर विश्वास कुणी ठेवला असता, हा प्रश्न आहे. वर्षभरानंतर, ऑगस्ट २०२५मध्ये, गंभीर गुन्ह्यांतल्या आरोपींचा वंश आणि नागरिकत्व जाहीर करण्याचा विचार व्हावा, अशी मार्गदर्शक सूचना पोलिस दलांना दिली गेली.

केसी यांच्या अहवालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग कंटाळवाणा आहे: आकडेवारी. टोळ्यांनी केलेल्या शोषणाच्या प्रकरणांत दोनतृतीयांश गुन्हेगारांचा वंश नोंदवलेलाच नाही. देशपातळीवर त्यामुळे काही ठामपणे म्हणता येत नाही. जिथे नोंदी नीट आहेत त्या ग्रेटर मँचेस्टर, साउथ आणि वेस्ट यॉर्कशायरमध्ये संशयितांत आशियाई वंशाच्या पुरुषांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त दिसतं. नोंद न करण्याने कुणाचं भलं झालं? ‘सगळे पाकिस्तानी असेच’ म्हणणाऱ्याला खोडून काढायला आकडा नाही, आणि ‘असं काही नाहीच’ म्हणणाऱ्यालाही नाही. पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रीय चौकशीची मागणी करणाऱ्या राजकारण्यांवर उजव्या टोकाच्या गाडीत चढल्याचा ठपका ठेवला होता. जूनमध्ये, केसी यांच्या शिफारशीनंतर, त्यांनी तीच चौकशी जाहीर केली.

आता आपल्याविषयी. ब्रिटनमध्ये ‘एशियन’ म्हणजे भारतीय उपखंडातले सगळे. लंडन, स्लाउ किंवा लेस्टरमधला मराठी माणूसही त्यात आला. २०१२च्या रॉचडेल खटल्यानंतर तिथल्या शीख आणि हिंदू संघटनांनी या शब्दाला हरकत घेतली: सुक्याबरोबर ओलं का जाळता? हरकत रास्त होती. पण त्या बातम्या आपल्याकडे मोबाइलवरून फिरल्या त्या वेगळ्याच चवीने. गुन्हेगार पाकिस्तानी असल्याचा आनंद त्या मुलींच्या दुःखापेक्षा मोठा होता. ‘तिथले पुरोगामी वंशद्वेषाच्या आळाला घाबरले’ हे वाक्य आपल्या मंडळींना फार आवडतं. म्हणून शेवटी जात आली पाहिजे.

ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद ठेवली होती. २०१३मध्ये संसदेने ते सरकारवर बंधनकारक केलं. आंबेडकरवादी आणि दलित संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खपून अनुभव गोळा केले होते: दवाखान्यात, नोकरीत, गुरुद्वारात आणि मंदिरात आलेले. काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला. जात ही इंग्रजांनी लादलेली कल्पना आहे, असा कायदा म्हणजे समस्त हिंदूंवर कलंक, हा हिंदूंचा द्वेष आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यालाच द्वेष्टा ठरवायचं. रॉदरहॅमच्या कचेरीत जे चाललं, तेच इथे आपल्या माणसांनी केलं, आणि गोरे मंत्री तसेच दबकले. २०१७मध्ये लोकांची मतं मागवली गेली. जुलै २०१८मध्ये सरकारने कलम आणायचं नाही असं ठरवून विषय न्यायालयांवर सोपवला. त्याआधी, २०१५मध्ये, बिहारमधून नेलेल्या एका आदिवासी घरकामगार बाईला मिल्टन कीन्समधल्या मालकांकडून सुमारे १ लाख ८४ हजार पौंड थकलेलं वेतन मिळालं होतं. जात वांशिक मूळ या सदरात बसू शकते, हे त्याच प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने म्हटलं होतं. बसू शकते, बसतेच असं नाही. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाच्या ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२मध्ये राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. त्याच शहरात आज कुणाला जातीवरून नोकरीत त्रास झाला तर छळाचा पुरावा द्यायच्या आधी आपली जात ‘वांशिक मूळ’ आहे, हे त्याला न्यायाधिकरणापुढे पटवून द्यावं लागतं.